चोराचा वकील म्हणू नका!

आमच्या हट्ट्यात सत्काराला तोटा नाही. परभणी-वसमत रस्त्यावर उभे राहून मान जरा वर करावी, की कोणा ना कोणाचा हसरा चेहरा फलकावरून आपल्याकडे पाहत असतोच. साहेब बदलून गेले म्हणून सत्कार, नवे साहेब आले म्हणून सत्कार. निवडून आला त्याचा सत्कार, आणि पडला त्याचेही सांत्वन शाल-श्रीफळानेच! हळदीला बरा भाव आला त्या साली तर गावात फेटे बांधणाऱ्याला उसंत नव्हती. आम्ही कोणाचा हेवा करीत नाही. ज्याच्या हातून चार माणसांचे काम झाले त्याच्या गळ्यात हार पडावा, हे आम्हांसही मान्य आहे.

म्हणूनच आम्ही गावातील एका मंडळाच्या कारभाऱ्यांकडे एक नाव घेऊन गेलो. नाव होते एका वकीलबाईंचे. या बाई सरकारने गरीब आरोपींसाठी नेमलेल्या वकिलांपैकी एक. या खात्याला मराठीत ‘लोक अभिरक्षक कार्यालय’ असे भारदस्त नाव आहे. आम्ही म्हणालो, दरसाल सरकारी वकिलाला नारळ देता, ठाणेदाराला देता, यंदा एक नारळ या बाईंनाही द्या. कारभारी हसले. एकजण म्हणाला, “म्हणजे चोराच्या वकिलीणबाईला हार घालायचा? लोक आपल्या तोंडात शेण घालतील!”

मंडळाचे नाव आम्ही छापीत नाही, कारण हे उत्तर एका मंडळाचे नव्हे. घरोघर हेच उत्तर मिळेल. आमच्या वाचकांपैकीही पुष्कळांनी वरचे वाक्य वाचून मनात मान डोलावली असेल. त्यांच्याशीच आम्हांस आज चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि ते गोड नाहीत.

प्रथम, या बाईंनी केले काय ते ऐका.

आमच्या माहितीतला एक लोहार आहे. गाव आणि तालुका सांगत नाही, त्या बिचाऱ्याची पुरती शोभा आधीच झाली आहे. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीस गेली. लोहार भंगार विकत घेतो, तेव्हा मोटार त्यानेच गिळली असा तर्क निघाला आणि त्याला उचलून नेले. मृग तोंडावर आलेला, कुळवाच्या पाशी आणि कुऱ्हाडी पाजवून घ्यायला माणसे दारात उभी, आणि भाता थंड! घरात म्हातारी, बायको, दोन पोरे. सासऱ्याने दोन शेळ्या विकल्या आणि कोर्टाच्या दारात भेटलेल्या पहिल्या काळ्या कोटाच्या हातात पैसे ठेवले. तो कोट पहिल्या तारखेला दिसला, पुढे दिसला नाही.

आता खरी गंमत पाहा. काही दिवसांनी कोर्टाने त्या लोहाराला जामीन मंजूर केला. मंजूर केला, पण तो तुरुंगातच राहिला! का? तर हुकुमात म्हटले होते, लायक जामीनदार आणावा. लायक म्हणजे ज्याच्या नावे सातबारा आहे असा. लोहाराला कसला सातबारा? त्याची सगळी इस्टेट म्हणजे ऐरण, घण आणि भाता. ज्यांच्या कुऱ्हाडी त्याने जन्मभर पाजवल्या त्या सातबारावाल्या भाऊबंदांना म्हातारीने दारोदार जाऊन विचारले. कोणाला ताप आला होता, कोणाचा सातबारा बँकेत होता, कोणी सरळच सांगितले की पोलिसांच्या भानगडीत आम्ही पडत नाही. जामीन मिळालेला माणूस जामीनदारावाचून चार महिने आत सडला.

या वकीलबाई तुरुंगात कैद्यांना भेटावयास जात. नुसते रजिस्टरावर सही करून परत यावयाचे नाही, एकेकाला समोर बसवून त्याचा कागद पाहावयाचा, अशी त्यांची रीत. लोहाराचा कागद पाहून त्यांनी विचारले, “दादा, तुम्हांला तर कधीच सोडलंय, तुम्ही इथे कसे?” दादाला ते ठाऊकच नव्हते! बाईंनी अर्ज केला. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 रोजी सर्व कोर्टांना सांगून ठेवले आहे, की जामीन मंजूर होऊन महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही, तर अट सैल करता येते काय याचा कोर्टाने आपण होऊन विचार करावा. हुकूम दिल्लीत होता आणि लोहार कोठडीत होता. दोघांची गाठ घालून देणारे माणूस पाहिजे होते. लोहार जातमुचलक्यावर घरी आला. पुढे खटला चालला तेव्हा बाईंनी पंचाला उलट विचारले, आणि पंचाने कबूल केले की आपण सही केली ती कोऱ्या कागदावर. लोहार सुटला. मोटार कोणी नेली ते अजून कोणाला ठाऊक नाही, आणि ते शोधण्याची घाईही कोणाला दिसत नाही.

बाईंनी या कामाचा एक पैसा लोहाराकडून घेतला नाही. तसे घेताच येत नाही. म्हातारीने आणलेला पावशेर तिळाचा पुडाही त्यांनी परत केला. आणि या बाई म्हणजे चोराच्या वकिलीण! चोर कोण, हे आधी ठरू तर द्या.

शेतकरी बंधूंनो, ‘आरोपी’ आणि ‘गुन्हेगार’ हे दोन शब्द आपल्या बोलीत एकच झाले आहेत, आणि ही आपल्या बोलीची मोठी खोड आहे. पोलीस घेऊन गेले की गावाचा निकाल त्याच संध्याकाळी पारावर लागतो. कोर्टाला वर्षे लागतात, पाराला एक बिडी ओढण्याइतका वेळ पुरतो. पण आपल्याच संतांच्या कथा आठवा. चोखोबावर आळ काय होता? देवाच्या गळ्यातला हार चोरला! शिक्षा काय सांगितली? बैलांच्या पायी बांधून ओढावा! कथेत बडव्यांनी आळ घेतला, बडव्यांनीच पुरावा पाहिला आणि बडव्यांनीच निकाल दिला. चोखोबाच्या बाजूने एक शब्द बोलावयास माणूस नव्हता, म्हणून कथाकारांना बैलापुढे देव उभा करावा लागला. आमच्याच जिल्ह्यातील औंढ्याला नामदेवाला देवळासमोरून उठवून मागे पिटाळले, तर नागनाथाने देऊळच फिरवले, असे आपण पोराबाळांना मोठ्या भक्तीने सांगतो. या कथांतला आरोपी आपल्याला वंद्य आहे. मग आजचा आरोपी दिसला की आपण बडव्यांच्या ओळीत जाऊन का उभे राहतो?

ही तर संतांची गोष्ट झाली. आता आमच्या चळवळीची सांगतो, म्हणजे ज्यांच्या नावाने सभेत टाळ्या पडतात त्यांचे उपकार नेमके कोणाकडे फिटावयाचे आहेत ते कळेल.

1925 साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ नावाचे पुस्तक निघाले. लिहिणारे दिनकरराव जवळकर, प्रसिद्ध करणारे केशवराव जेधे, प्रस्तावना केशवराव बागडे यांची, आणि छापणारे लाड. पुस्तकात टिळक-चिपळूणकरांवर असा कोरडा ओढला होता की सदाशिव पेठेत झोप उडाली. भाषा फार कडक होती. आज वाचताना काही जागी आम्हांसही ती खटकते, हे लपवीत नाही. फिर्याद झाली. चौघेही अब्रुनुकसानीच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभे राहिले, आणि खालच्या कोर्टाने त्यांना कैदेची शिक्षा ठोठावली. फिर्यादीकडे ल. ब. भोपटकरांसारखा पुण्यातला नामांकित वकील. इकडे बहुजन समाजात लेझीम खेळणारे, छत्रपती मेळ्यात गाणारे, सभेत गर्जना करणारे वीर शेकड्यांनी होते. पण त्या दिवशी लेझमीचा काय उपयोग? त्या दिवशी पाहिजे होता कायदा जाणणारा माणूस.

1926 साली अपिलात उभे राहिले डॉ. भीमराव आंबेडकर. मुंबईच्या हायकोर्टात त्यांना वकिली सुरू करून तीनच वर्षे झाली होती, आणि महाराच्या हाती कागदपत्रे द्यावयास पक्षकार कचरत असे ते दिवस होते. त्यांनी अपील चालविले आणि चौघेही निर्दोष सुटले. जेधे पुढे केवढे पुढारी झाले ते सांगावयास नको. मराठा समाजातील जेधे-जवळकरांना तुरुंगाच्या दारातून परत आणले ते अस्पृश्य समाजातल्या एका आरोपीच्या वकिलाने! जे आज ‘आरोपीचा वकील’ म्हणताना नाक मुरडतात त्यांनी हे रोज सकाळी एकदा आठवावे. भोपटकरांच्या बाजूच्या पारावर त्या दिवशी बाबासाहेबांना काय म्हणत असतील? दुश्मनांचा वकीलच ना?

आणि बाबासाहेब काही फक्त आपल्या बाजूच्या लोकांसाठीच उभे राहिले असे नाही. र. धों. कर्वे हे ब्राह्मण, संततिनियमनाचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढणारे. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, शहाण्या-सोवळ्यांनी पाठ फिरविली, तेव्हा 1934 साली त्यांचे वकीलपत्र घेणारेही बाबासाहेबच. तो खटला ते हरले. हरले तरी उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस जिंकलेल्या खटल्याइतकीच मोठी वाटते.

उलट बाजूचेही जे चांगले ते सांगितले पाहिजे. 1879 साली वासुदेव बळवंत फडक्यांचे नाव घ्यावयास पुण्यात लोक भीत होते, तेव्हा त्यांच्या बचावास गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काका उभे राहिले. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकरांवर खटला झाला तेव्हा जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून रामशेट उरवणे या सत्यशोधकाने दहा हजारांचा जामीन भरला. दहा हजार, त्या काळचे! जोतीरावांनी आधी जात विचारली नाही, मत विचारले नाही. मनुष्य आरोपी आहे आणि त्याला जामीन पाहिजे, एवढेच पाहिले. आणि आमच्या लोहाराला त्याच्या सातबारावाल्या भाऊबंदांत एक रामशेट मिळाला नाही. सत्यशोधकांच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांच्या घरी त्या आठवड्यात ताप फार आला होता म्हणावयाचा!

आता ज्यांच्यासाठी हे सारे लिहितो त्या मुद्द्यावर येतो. कोर्टाच्या फेऱ्यात आधी सापडतो कोण? ज्याला पैसा आहे त्याचा वकील पोलीस दारात येण्याच्या आधीच दारात असतो. सापडतो तो शेतमजूर, बलुतेदार, ऊसतोडीचा गडी, पालात राहणारा पारधी, वडार, कैकाडी. देशाच्या तुरुंगांचा सरकारनेच छापलेला हिशेब पाहा: 2022 च्या अखेरीस 5,73,220 माणसे आत होती, त्यांतील 4,34,302 जणांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. शंभरातले पंचाहत्तरांहून अधिक नुसते तारखेची वाट पाहत बसलेले. आमच्या बहुजनांच्या घरांतून तुरुंगात गेलेले माणूस नाही असे गाव दाखवा, आम्ही या पत्राची वर्गणी परत करू.

त्यातही पारध्यांसारख्यांची कथा निराळी. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. पाळण्यातल्या पोराला आरोपी करणारा असा कायदा मनूलाही सुचला नसता! शाहू छत्रपतींनी 1918 साली आपल्या राज्यात महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली, आणि पुढे अस्पृश्य तरुणांना वकिलीच्या सनदाही दिल्या. हजेरी उठवणे आणि सनद देणे ही दोन कामे एकाच राजाला का सुचली याचा विचार करा. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो गुन्हेगारी जमातींचा कायदा देशातून गेला, पण तुरुंगांच्या नियमांत त्याची घाण इतकी उरली होती की 2024 च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाला तुरुंगातील जातवार कामवाटणी आणि या जमातींना चिकटवलेला शिक्का रद्द करावा लागला. आणि आता आम्ही जे म्हणतो ते झोंबेल. आता पालावर रात्री काठी आपटणारा हात, पंचनाम्यावर डोळे मिटून सही करणारा हात, हा भटजीचा नाही, शेटजीचाही नाही. तो तुमच्या-आमच्या भाऊबंदांचा हात आहे. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला त्यात कचेरीतले कारकून अडाणी कुणब्याला कसे नाडतात ते दाखविले. तो असूड आता आपल्याच पाठीवर ओढावयाची पाळी आली आहे.

वकील नसला म्हणजे काय होते, याचा दाखला लांब शोधावयास नको. 2003 साली नाशिकजवळ एका वस्तीवर खून आणि अत्याचाराचे भयंकर कृत्य घडले. भटक्या जमातीचे, मजुरी करणारे सहा गरीब लोक धरले गेले. 2006 साली सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची फाशी कायम केली, तिघांची जन्मठेप केली. 2009 साली सुप्रीम कोर्टाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे निघाले! शेवटी 5 मार्च 2019 रोजी त्याच सुप्रीम कोर्टाने प्रकरण पुन्हा ऐकून सहाही जण निर्दोष म्हणून सोडले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई सरकारने द्यावी असा हुकूम केला. सोळा वर्षे! त्या वर्षांत ज्या घरावर तो घाला पडला त्या घरालाही न्याय मिळाला नाही, कारण खरे गुन्हेगार कोण हा प्रश्न तसाच राहिला. आरोपीचा वकील आळशी असला म्हणजे फिर्यादीचेही वाटोळे होते, हे लक्षात घ्या. त्या सहा जणांसाठी शेवटपर्यंत कागद उलटीत बसणारे कोणी निघाले नसते, तर आज आपण पारावर म्हणत असतो, बरे झाले लटकले.

यावर आमचे शहाणे मित्र म्हणतात, “अहो, पण हे वकील खऱ्या चोरालाही सोडवतात त्याचे काय?” सोडवतो वकील नव्हे, सोडतो न्यायाधीश, आणि तो सोडतो कधी? पोलिसांनी पुरावा नीट आणला नाही तेव्हा. उलटतपासणीची भीती आहे म्हणून पंच खरा आणावा लागतो, जबाब खरा लिहावा लागतो. ती भीती काढून टाका, मग पहिली रात्र कोणाची भरेल? ज्याच्या ओळखीचा मोठा माणूस नाही त्याची. आमच्या आजा-पणजांच्या वेळी हट्टा निजामाच्या राज्यात होते, कोर्टाचा कागद उर्दूत, कुणब्याला अलिफ आणि बे यांतला फरक कळत नसे, कोणी वाचून दाखवील तो न्याय. आता कागद मराठीत येतो, तरी कलमाचा अर्थ किती जणांना लागतो? भाषा बदलली, पण वाचून दाखविणाऱ्याची गरज गेली नाही.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. एखादा गुन्हा गाजला की कित्येक ठिकाणी वकिलांचे संघच ठराव करतात, की या आरोपीचे वकीलपत्र आमच्यातील कोणी घेऊ नये. सुप्रीम कोर्टाने 2010 साली असे ठराव बेकायदा आणि वकिली धर्माच्या विरुद्ध म्हणून फेटाळले, तरी अजून ते होतात. हा तर वाळीत टाकण्याचाच प्रकार. धोबी बंद, न्हावी बंद, पाणवठा बंद, हे ज्यांनी भोगले त्यांच्या नातवांनी ‘वकील बंद’ला टाळ्या वाजवाव्यात काय?

मुंबईवरील 2008 च्या हल्ल्याचा खटला आठवतो ना? कसाबबरोबर दोन हिंदी मुसलमान आरोपी होते. त्यांतल्या एकाचे वकीलपत्र शाहिद आझमी या तरुणाने घेतले. पोलिसांचा पुरावा म्हणजे एका मेलेल्या हल्लेखोराच्या खिशात सापडलेला नकाशा. आझमीने विचारले, खिसा रक्ताने भिजला, मग नकाशाला डाग कसा नाही? 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्यात त्याच्या कचेरीत शिरून त्याला गोळ्या घातल्या. वय बत्तीस. तीन महिने झाले नाहीत तोच कोर्टाने ते दोघेही निर्दोष ठरविले, आणि वरच्या दोन्ही कोर्टांनी ते कायम केले. कसाबाला फाशी झाली ती झालीच. आझमीच्या प्रश्नाने फाशी चुकली ती ज्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता त्याची. त्याच खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकम यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. त्यांनी आपले काम केले. पण तराजूला दोन पारडी असतात, आणि एकाच पारड्यात फुले टाकीत राहिल्याने ते कलते, एवढे तरी किराणा दुकानात बसलेल्या माणसाला कळावे.

परक्या मुलुखांनीही हा धडा उशिराच घेतला आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे 1914 साली गरीब आरोपींसाठी सरकारी पगाराचा वकील बसला. तरी फ्लोरिडातील गिडियन नावाच्या कफल्लकाला पुढे 1961 साली वकिलावाचूनच पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज खरडला, आणि 1963 साली तिथल्या वरिष्ठ कोर्टाने सांगितले की वकील न देता चालविलेला असा खटला खटलाच नव्हे. पुन्हा खटला झाला, या वेळी वकील होता, गिडियन सुटला! माणूस तोच, आरोप तोच. फरक काळ्या कोटाचा.

आपल्याकडे घटनेत 1976 साली मोफत कायदेमदतीचे कलम आले. 1978 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटले की कैद्याला अपिलासाठी वकील देणे ही सरकारची दया नाही, कर्तव्य आहे. 1986 साली तर असे ठरले की आरोपीला ‘तुला फुकट वकील मिळतो’ हे सांगितलेच नसेल तर शिक्षाच टिकत नाही. 1987 चा विधी सेवा कायदा 9 नोव्हेंबर 1995 पासून चालू झाला. जे कोठडीत आहेत, ज्या स्त्रिया आहेत, मुले आहेत, अनुसूचित जाती-जमातीचे आहेत, त्यांना उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. 2022 पासून लोक अभिरक्षकांची नवी योजना आली. यांतील वकिलाने खाजगी वकिली करावयाची नाही, पूर्ण वेळ गरीब आरोपींचेच काम करावयाचे. नेमणूक कराराची, मानधन ठराविक, नाव नाही, गाडी नाही. माय-माउल्यांनो, हे कापून चुलीजवळच्या भिंतीला चिकटवा: घरचे माणूस धरून नेले तर शेळी विकू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते तिथे जा, किंवा 15100 या नंबरवर फोन लावा. चोवीस तासांच्या आत माणसाला न्यायाधीशापुढे उभे करावे लागते, आणि त्या पहिल्या दिवसापासून वकील मागता येतो.

एवढे सगळे कागदावर असून लोहार आत का राहिला? कारण सगळे वकील त्या बाईंसारखे नाहीत. आम्ही वकिलांचे भाट नाही. फुकटच्या खटल्याला फुकटासारखेच वागविणारे, आरोपीचे तोंड न पाहता तारीख मागून घेणारे, साक्षीदाराला एक प्रश्न न विचारता खाली बसणारे आम्ही पाहिले आहेत. श्रीमंत बागाईतदाराच्या मस्तवाल पोराला सोडविणाऱ्या नामांकितांनाही आमचा नारळ नको. त्यांचा सत्कार त्यांच्या फीमध्ये झालेला असतो. पण जो घासून काम करतो आणि जो नुसता हजेरी लावतो, दोघांना गाव एकच नाव देते: चोराचा वकील. मग घासून काम करणाऱ्याने कशाच्या जोरावर टिकावे? कराराची मुदत संपली की तीही कंटाळून दुसरीकडे जाईल, आणि तुरुंगात कागद पाहणारे माणूस राहणार नाही.

म्हणून सत्कार पाहिजे, आणि तो कसा, तेही सांगतो. किती आरोपी सोडविले याची मोजणी करू नये. तशी मोजणी केली की वकील सोपे खटले शोधत फिरेल. विचारावे ते असे: तुरुंगात किती वेळा गेला? आरोपीशी त्याच्या बोलीत बोलला काय? जामीन मिळून आत राहिलेल्या कितीजणांचा कागद त्याने हुडकला? हरलेल्या खटल्यात अपिलाची मुदत चुकू दिली नाही ना? आणि हे मंत्र्याला विचारू नये, वकिलांच्या पुढाऱ्यालाही नको. ज्यांचा बचाव झाला त्यांच्या बायका-आयांना विचारावे. सुटला त्याच्याही, न सुटला त्याच्याही. एखादी माउली जर म्हणाली, की माझा मुलगा सुटला नाही पण वकीलबाईंनी त्याच्यासाठी जीव टाकला, तर तो हार सगळ्यांत पहिला.

मंडळाच्या कारभाऱ्यांनी आमचे नाव कापले, त्याला आमचा इलाज नाही. मंडप त्यांचा, फेटे त्यांचे. पण 9 नोव्हेंबर हा दिवस देशभर विधी सेवा दिवस म्हणून पाळतात, आणि त्याला मंडप लागत नाही. त्या दिवशी आम्ही हट्ट्याहून वसमतच्या कोर्टाकडे निघणार आहोत. बाई भेट घेणार नाहीत हे ठाऊक आहे, म्हणून सोबत एक नारळ आणि एक हार एवढेच. हार घालणार ती लोहाराची म्हातारी. तिचे येणे-जाणे एस. टी.ने आम्ही करू. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सकाळी आठला फाट्यावर उभे राहावे, आणि त्या मंडळाच्या कारभाऱ्यांपैकी कोणाचा ताप तोवर उतरला असेल तर त्यांनीही.